मुंगीनाथाचं भस्म आणि मरळीचा रस्सा

झाकण टक्कन वाजलं.

एवढंसं मातीचं झाकण, घरात मिठाच्या बोळक्यावर असतं तसलं. पण त्या आवाजानं नत्थुजी पाटलाच्या अंगणात बसलेल्या तीन-चारशे माणसांचा कोंडलेला श्वास एकदम सुटला. त्याआधी इतकी शांतता होती की बायकांच्या बाजूला बसलेल्या मनकर्णेला मांडीवरच्या तान्ह्या लेकीचं चुटुचुटु दूध ओढणं ऐकू येत होतं. ते सगळ्या गावाला ऐकू जात असेल म्हणून ती पदर आणखी पुढे ओढत होती.

ओट्यावर दोन बोळकी मांडली होती. त्यांत काय होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, पण चारचौघांच्या शंभरपट लोक तेच पाहायला जमले होते. दोन्हींत मनकर्णेचा नवरा खुशालराव होता. म्हणजे त्यानं परसात जाऊन जे काही दिलं होतं, ते होतं. पहिल्यातलं कालचं, महाराजांचं तीर्थ पिण्याआधीचं. दुसऱ्यातलं आजचं, तीर्थ प्यायल्यानंतरचं. सकाळी दोन्ही शेजारी शेजारी मांडून, झाकणं अर्धवट ठेवून, लोकांनी दोन घटका भजन केलं होतं.

पहिल्या बोळक्याचं झाकण उचललं तेव्हा आत बाहेर मुंग्याच मुंग्या. बोळक्याचा काठ काळा करदोडा बांधल्यासारखा दिसत होता.

"देखो," मुंगीनाथ महाराज म्हणाले. "ये है रोग."

दुसऱ्या बोळक्याभोवती महाराजांनी सकाळीच पांढऱ्या भस्माचं कडं काढलं होतं, रक्षा म्हणून. त्याचं झाकण उचललं. आत एक मुंगी नाही. काठावर नाही. कड्याच्या आतही नाही.

"अन् ये है रोग का जाना."

अंगणात जयजयकार उठला. मनकर्णेची तान्ही दचकून रडायला लागली. पहिल्या रांगेत बसलेल्या खुशालरावाचे डोळे पाण्यानं भरले, आणि त्यानं डावा पाय हातानं उचलून बाजूला घेत, कसाबसा साष्टांग घातला.

मुंगीनाथ हिमालयात बारा वर्षं एका पायावर उभे होते, असं त्यांचे चेले सांगत. दुसऱ्या पायाचं बारा वर्षं काय केलं हे कोणी विचारलं नव्हतं. ते हिंदीत बोलत, मधूनच संस्कृतासारखं काहीतरी बोलत, आणि पायाशी मुंगळा आला की अस्सल वऱ्हाडीत "आई वं" म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की मुंगी ही यमाची घोडी. यम ज्याला न्यायचं ठरवतो त्याच्या दारी आधी घोडी पाठवतो. महाराज घोडीला मागे फिरवतात, यमाला पायी येणं जमत नाही, माणूस वाचतो.

"आता सोमवारपासून सात दिन अनुष्ठान," त्यांनी जाहीर केलं. "मरीज सिर्फ शिरा खाएगा. साखर का पानी पिएगा. मीठे को मीठा ही काटता है. ज्वारी बंद, कडू बंद, मासोळी तो महापाप. अन् वो हकीम की पट्टी निकालके फेंको. घाव पे ये भस्म."

त्यांनी एक पुडी खुशालरावाच्या ओंजळीत टाकली. दक्षिणा म्हणून महाराज पैशाला शिवत नसत. ते सव्वा मण साखर आणि त्याला लागेल तेवढं तूप घेत.

त्या वर्षांत साखरेला तोटा नव्हता. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला सोन्याची बोंडं लागली होती. बाळापूर-अकोल्याच्या वाटेवरच्या या सावरखेडात माणसांनी घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस पेरला. खुशालरावाच्या बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं आली. आणि एक दिवस त्यानं ताटातली भाकर बाजूला सारली.

"ज्वारी कायले? ज्वारी गरिबानं खावं," तो म्हणाला होता.

एकटा तोच नव्हे. सगळ्या गावानं ज्वारीचं वावर मोडून कापूस केला आणि गाव गहू, तांदूळ, साखर विकत आणून खाऊ लागलं. कोणाच्या घरी चुलीवर भाकर दिसली तर शेजारीण कीव करायची. सकाळी शिरा, दुपारी भात, संध्याकाळी पोळी, वर गूळतूप. कापूस वेचायला मजूर, गाडी हाकायला गडी. खुशालरावाला ओसरीवरून उठायचं काम राहिलं नाही. दोन वर्षांत पोट पुढे आलं, तिसऱ्या वर्षी ते आपोआप आत गेलं. मग तहान लागली. रांजण पुरेना. रात्रीतून पाच वेळा परसात. आणि परसात जिथे तो जायचा तिथे सकाळी मुंग्यांची जत्रा.

पुढे वावरात पऱ्हाटीचा खुंट तळपायात घुसला. बोटभर जखम. एवढ्याशा जखमेला सावरखेडात कोणी जखम म्हणत नाही. पण ती भरेना.

मनकर्णेनंच त्याला दमणीत, छोट्या बैलगाडीत, घालून बाळापूरच्या हकीम गुलाम नबींकडे नेलं होतं. पांढऱ्या दाढीच्या हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, मुंग्यांचं विचारलं, आणि नवऱ्याशी न बोलता बायकोशी बोलले.

"बेटी, याची दवा माझ्या कपाटात कमी, अन् तुझ्या चुलीवर जास्त आहे. साखर, गूळ, भात, मैदा बंद. ज्वारी किंवा जव, तेही मूठभर. पालाभाजी दोन मुठी. मेथी, कारलं. नदीची मासोळी दे, तिनं अंगात ताकद राहते अन् लघवी गोड होत नाही. पाय रोज धुऊन पट्टी. अन् याले चालव थोडं."

"बरं होईन का, हकीमसाहेब?"

"खोटं नाही सांगणार. ही बिमारी जात नाही. सांभाळली तर सांभाळून राहते."

हकीमसाहेबांची एवढीच चूक झाली. ते खरं बोलले. मुंगीनाथ महिन्याभरानं आले आणि सात दिवसांत रोग घालवतो म्हणाले. मग 'सांभाळून राहते' म्हणणाऱ्याकडे कोण जातो?

अंगणातून घरी आल्यावर मनकर्णेनं तान्हीला पाळण्यात टाकलं आणि नवऱ्यासमोर पट्टी सोडायला बसली.

"राहू दे," खुशालराव म्हणाला. "सोमवारी काढूनच फेकाची आहे."

"आज शनवार आहे."

जखम उघडली तेव्हा तिनं मान खाली घातली, म्हणजे चेहरा दिसू नये. मागच्या महिन्यात कडेनं गुलाबी कातडं धरत होतं. गेल्या आठ दिवसांपासून महाराजांचा प्रसाद सुरू झाला होता, आणि कड पुन्हा काळी पडत होती.

"हकीमसायबानं सांगतलं ते दोन महिने केलं," तो म्हणाला. "भरली का जखम?"

"भरत होती. शिरा चालू झाला अन् थांबली."

"तुले लय कळते."

"मले रोज पट्टी बांधाची असते. मले दिसते."

तो म्हणाला, "तू पायलं नं आज? चारशे लोकाईनं पायलं. एक मुंगी नाई."

"वामनरावभाऊजीच्या बोळक्यालेही मुंगी नव्हती आली."

वामनराव पलीकडच्या आळीचे. महाराजांचे पहिले रोगी. त्यांचं अनुष्ठान सातव्या दिवशी पूर्ण झालं, बोळक्याला मुंगी आली नाही, पाटलाच्या अंगणात पेढे वाटले. आठव्या दिवशी वामनराव गेले.

"त्यानं चोरून भाकर खाल्ली," खुशालराव म्हणाला. "म्हणून गेला."

"कोनी पायलं?"

"महाराजाले अंतर्ज्ञानानं समजलं."

मनकर्णेनं कोमट पाण्यात फडकं पिळलं. अंतर्ज्ञानाशी भांडता येत नाही हे तिला माहीत होतं. ती भीत होती. तिची मोठी शालू सहा वर्षांची, तान्ही पाच महिन्यांची, आणि मधल्या मुलाला देवीनं नेलेलं. या माणसाचा पाय तिच्या हातात होता, आणि सोमवारपासून तो तिच्या हातातून जाणार होता.

"मी अडवत नाई तुमाले," ती शेवटी म्हणाली. "पन उद्याचं एक जेवन माह्या हातचं जेवा. सोमवारपासून आहेच शिरा."

"काय करशीन?"

"मरळ."

खुशालरावानं वर पाहिलं. तो पोरवयात गावाजवळच्या मन नावाच्या नदीच्या डोहात गळ टाकून दिवसच्या दिवस बसायचा. सासूबाई असताना ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती. "ताजी पाहून घेजो," तो म्हणाला. म्हणजे हो म्हणाला.

रविवारी सकाळी मासे विकणारी भोईण दोन मरळी देऊन गेली. हातभर लांब, काळ्याशार, आणि मरूनही हातात न ठरणाऱ्या. मनकर्णेनं पेवातली, जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यातली, तीन वर्षांमागची ज्वारी काढली. कापसाच्या नादात सगळ्यांनी पेवं रिकामी केली होती, तिनं कोपऱ्यातलं एक बुजू दिलं नव्हतं. ज्वारी जात्यावर जाडसर भरडली, पीठ चाळून बाजूला काढलं, कण्या तेवढ्या वर ठेवल्या. मग परसात दगडावर विळा घेऊन बसली.

"शालू, राख आन वं. हात सटकून राहिले."

राखेशिवाय मरळ धरता येत नाही. शालू आत गेली, बराच वेळ आली नाही, मग ओंजळीत पांढरी राख घेऊन धावत आली आणि मासोळीवर अर्धी ओतून मोकळी झाली.

"चुलीतली गरम होती," ती म्हणाली. "देवापाशी गार होती."

मनकर्णेचे हात थांबले. देवापाशी महाराजांची पुडी ठेवलेली होती.

आता शहाण्या माणसानं काय करावं? मनकर्णेनं आधी गालावर चापट्या मारून घेतल्या, तुळशीकडे तोंड करून हात जोडले, लेकीच्या वतीनं आणि मरळीच्या वतीनं क्षमा मागितली. मग घाईघाईनं तांब्याभर पाणी ओतून भस्म धुवायला लागली. आणि पाणी पडताच वास आला.

कोरडं होतं तेव्हा त्याला नुसता गुग्गुळाचा वास होता, महाराजांच्या भोवती सदा असणारा. भिजल्यावर गुग्गुळ मागे सरला आणि खालचा वास वर आला. मनकर्णेनं ओली बोटं नाकाशी नेली. हा वास तिच्या ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नव्हे, तिच्या घरातला, तिच्या पदरातला होता. तान्हीच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं की येतो तो.

"शालू, पाळण्याजवळची बाळगुटीची डबी आन."

डबीत सहाणेवर उगाळून अर्धा झालेला वेखंडाचा तुकडा होता. तिनं तो हुंगला. मग बोटं हुंगली. मग शालूला हुंगायला दिलं.

शालूनं दोन्ही हुंगलं. ती म्हणाली, "महाराजाले बी गुटी देतात काय?"

मनकर्णेला हसू फुटलं, आणि ते तोंडातच राहिलं. कारण समोर दगडावर काहीतरी चाललं होतं. मरळीची आतडी तिनं दगडाच्या दोन बाजूंना टाकली होती. डाव्या ढिगाला भिंतीतून मुंग्यांची रांग लागली होती. उजव्या ढिगाकडेही एक रांग निघाली होती. पण त्या बाजूला शालूनं सांडलेल्या भस्माचा पट्टा होता. पहिली मुंगी पट्ट्यापाशी आली, मिशा हलवल्या, मागे फिरली. दुसरी आली, तिनं पहिलीला काहीतरी विचारलं, तीही फिरली.

मरळीला काही मधुमेह नव्हता.

"जाय, गुळाचा खडा आन," मनकर्णा म्हणाली. "दोन आन."

एक खडा उघड्यावर ठेवला. दुसऱ्याभोवती उरलेल्या भस्माचं कडं काढलं, महाराज काढतात तसं. मग ती कामाला लागली, कारण स्वयंपाक कोणासाठी थांबत नाही. मरळ तीनदा धुतली, चौथ्यांदा चुलीच्या राखेनं घासून पुन्हा धुतली. तुकडे करून मीठ-हळद लावून ठेवले. जवस भाजून कुटलं, लसूण आणि वाळल्या मिरच्या वाटल्या. करडीच्या तेलात मेथीचे चार दाणे टाकले, ते तांबूस झाल्यावर वाटण परतलं, आंबटपणाला अंबाडीचा पाला घातला. हकीमसाहेबांचे दोन महिने सोडले तर मागची तीन वर्षं या घरात प्रत्येक भाजीत गुळाचा खडा पडत होता. तिचा हात सवयीनं डबीकडे गेला आणि परत आला. रश्शाला उकळी फुटल्यावर तुकडे सोडले. दुसऱ्या चुलीवर कण्या शिजत होत्या, मीठ घालून, मऊ, मोकळ्या. मेथीची भाजी पाण्याचा हबका मारून झाकून ठेवली.

तेवढ्या वेळात परसातला उघडा खडा काळा झाला होता. कड्यातला खडा होता तसा पिवळा.

खुशालराव जेवायला बसला. ताटात कण्या मूठभर, मेथी दोन मुठी, आणि मरळीचे तीन तुकडे रश्शात. पहिला घास घेतला, आणि तो खाली पाहूनच जेवत राहिला. दुसऱ्यांदा रस्सा मागितला. काटा काढून एक तुकडा शालूच्या तोंडात घातला. कित्येक दिवसांनी त्यानं जेवणात पाणी एकदाच प्यायलं.

हात धुतल्यावर मनकर्णा त्याला परसात घेऊन गेली आणि दोन खडे दाखवले.

त्यानं पुष्कळ वेळ पाहिलं.

"महाराजाची शक्ती आहे," तो म्हणाला. "गुळावर बी चालते."

"म्हंजे गुळाचा बी रोग गेला?"

"असंन."

"मंग खाऊन पाहा. गोडवा गेला असंन तं सोमवारी मी सोता शिरा करतो."

तिनं कड्यातला खडा उचलून धुऊन त्याच्या जिभेवर एवढासा कपचा ठेवला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, औषध कडू निघाल्यासारखा.

"गोड आहे?"

"गोडच आहे," खुशालराव म्हणाला.

तो तिथेच दगडावर बसला. तिनं त्याला वेखंड हुंगायला दिलं, भस्म हुंगायला दिलं. त्यानं दोन्ही खाली ठेवलं.

"चारचौघात कसं बोलाव, मनकर्णे? नत्थुजीनं मांडव घातला माह्यासाठी. काल मी महाराजाच्या पाया पडलो, लोकाईनं पायलं."

"तुमी नका बोलू. तुमी निस्ते बसा. अन् शिरा दिला तं खाऊ नका."

सोमवारी पाटलाच्या अंगणात मावायला जागा नव्हती. अकोल्याहून दोन कापसाचे दलालही आले होते. चुलाणावर शिऱ्याची कढई खदखदत होती. मुंगीनाथांनी शंख फुंकला आणि विचारलं, और कोई मरीज है?

बायकांच्या बाजूनं मनकर्णा उठली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, काखेत तान्ही. शालूच्या हातात झाकलेलं बोळकं.

"एक आहे महाराज. आमच्याच घरचा. मानसात येत नाई, म्हणून बोळकं आनलं."

"तीर्थ पिया है?"

"आंघोळच केली तुमच्या तीर्थानं."

महाराज प्रसन्न झाले. आंघोळ करणारा रोगी त्यांना अजून भेटला नव्हता. त्यांनी बोळकं ओट्यावर ठेवलं, मंत्र पुटपुटत भस्माचं कडं काढलं. त्यातलंच थोडं दुसऱ्या बोळक्यात ओतून ते शेजारी कड्याशिवाय उघडं ठेवायची मनकर्णेनं विनंती केली, तेही झालं. दोन घटका भजन झालं. झाकण उघडलं. उघड्यावर मुंग्या होत्या. कड्यातलं स्वच्छ.

"रोग गया," महाराज गरजले. "जड से गया. ये आदमी सौ साल जिएगा."

"पक्कं, महाराज?"

"मुंगी झूठ नहीं बोलती, बेटी."

"मानूस नाई ते," मनकर्णा म्हणाली. "त्यात गुळाचं पानी आहे."

अंगणात कोणाला समजेना. तिनं बोळकं उचललं आणि पुढच्या रांगेतल्या वच्छलाकाकींना दिलं. वच्छलाकाकी गावातल्या निम्म्या पोरांच्या सुईण. त्यांना भिण्याची सवय नव्हती. त्यांनी बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा चाटलं.

"अवं माय, गूळच आहे," त्या म्हणाल्या. "गोड खट."

"रोग गेला म्हनते महाराज. गोडवा तं आहे तिथीच आहे."

नत्थुजी पाटील उभे राहिले. गावातली प्रत्येक सून त्यांची सूनच. "सूनबाई, देवाची टवाळी करून राहिली तू. महाराजाच्या मंत्रानं मुंगी थांबली, हे तं खरं नं?"

"मुंगी थांबली, मामंजी. कायनं थांबली ते पाहू." तिनं कड्यातलं चिमूटभर भस्म तळहातावर घेतलं, पाण्याचा थेंब टाकला आणि हात पुढे केला. "काकी, हुंगून पाहा."

वच्छलाकाकींनी हुंगलं. त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी तो हात शेजारणीच्या नाकाशी नेला, तिनं पुढचीच्या. ज्या बाईच्या घरी पाळणा हलला होता तिला सांगावं लागलं नाही.

"वेखंड," कोणीतरी म्हणालं.

"वेखंडच वं. मी धान्यात घालतो."

"माह्या नातवाले आत्ताच उगाळून आली मी."

मनकर्णेनं कमरेची पुडी सोडली. त्यात तिच्या घरची राख आणि तिच्या घरचं कुटलेलं वेखंड होतं. उघड्या बोळक्यावरच्या मुंग्या फुंकरून झटकल्या, मंत्र न म्हणता कडं काढलं. थोड्या वेळानं लोकांनी वाकून पाहिलं. मुंग्यांच्या रांगा बाहेरच घुटमळत होत्या.

"आता मले बी महाराज म्हना," ती म्हणाली.

पहिलं हसू बायकांतून आलं. मग पुरुषांतून. मुंगीनाथांनी हात वर केला. "वेखंड में भी तो मंत्र हमने ही डाला था, त्रेतायुग में," असं ते सांगू लागले, पण त्रेतायुग कोणी ऐकत नव्हतं.

तेव्हा मागून एक बाई पुढे आली, आणि हसू आपोआप थांबलं. वामनरावांची सत्यवती होती ती. महिन्याभराची विधवा, अजून कोणाच्या दारी न गेलेली.

"त्याईनं भाकर नव्हती खाल्ली," ती महाराजांना म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुमी लोकाईले सांगतलं, चोरून खाल्ली म्हनून. सात दिवस मी जवळून हलली नाई. शेवटी शेवटी त्याईले गिळवत नव्हतं. मी एकेक घास तोंडात घालून शिरा चारला. सुटका होईन म्हनून चारला."

मुंगीनाथ तिच्याकडे पाहू शकले नाहीत. त्यांनी कढईकडे पाहिलं, मग चेल्यांकडे पाहिलं. चेले आधीच गाडी जुंपत होते.

खुशालराव उठला. पायावर भार न देता, काठीच्या आधारानं ओट्यापर्यंत गेला आणि शिऱ्याची भरलेली पत्रावळ त्यानं महाराजांपुढे सरकवली.

"तुमी खा," तो म्हणाला. "मी घरी कण्या खातो. ज्वारीच्या."

चारशे माणसांत एका श्रीमंत माणसानं मोठ्यानं ज्वारीचं नाव घेतलं, असं सावरखेडात तीन वर्षांत झालं नव्हतं.

गाडी गेल्यावरही लोक हलेनात. नत्थुजी पाटील मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते, त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "मंग आता काय कराव म्हनते, सूनबाई?"

मनकर्णेला भाषण येत नव्हतं. तान्ही तिच्या खांद्यावर झोपली होती, तिला थोपटत ती बोलली. "मुंगी वैरी नाई आपली, मामंजी. मुंगी सांगून राहिली, की या मानसाच्या अंगातून साखर वाहून चालली. सांगणारीले हाकललं म्हणून वाहनं थांबते का? कोनी चमत्कार दाखवला तं एवढंच कराव. त्यानं जे मानसावर केलं ते गुळावर करून पाहाव, दगडावर करून पाहाव. अन् वास घ्याव. आपल्याले नाक दिलं, जीभ दिली, ते पाया पडताना घरी ठेवून येऊ नये. दुखनं आलं तं जो दुखनं ओळखते त्याच्याकडे जाव. तो खरं बोलते म्हणून त्याचा राग नाई कराव."

एवढं बोलून ती खाली बसली.

पुढच्या आठवड्यात हकीम गुलाम नबींनी जखम पाहिली, कड पुन्हा गुलाबी होत असल्याचं सांगितलं, आणि मग लगेच हेही सांगितलं, की याचा अर्थ रोग गेला असा नाही. या वेळी खुशालरावानं मान हलवली. ज्वारीसाठी त्यानं कापसातली चार तासं, म्हणजे चार ओळी, सोडायचं ठरवलं. गावातल्या तीन घरांतून बायका कण्यांचं प्रमाण विचारून गेल्या, कोणी पाहत नाही असं पाहून.

त्या दिवशी दिवेलागणीला मनकर्णा कण्या निवडत बसली होती. शालू शेजारी बसून खडे वेचत होती. एकेक खडा ती उंबऱ्यावर ओळीनं लावत होती.

"आई, शिरा खाल्ल्यानं वामनकाका गेले?"

"शिऱ्यानं दुखनं वाढलं, बाई."

"अन् सत्यवतीकाकीनं चारला."

"तिले ठावं नव्हतं. कोनीच तिले सांगतलं नव्हतं."

शालूनं आणखी एक खडा ओळीत ठेवला. मग मान वर करून आईकडे पाहिलं.

"महाराजाले ठावं होतं का?"